खोडायची कळ

ये, बस. ती खुर्ची नको, तिचा मागचा पाय लंगडा आहे. तशीही उद्यापासून ती तुझीच होणार, घाई कशाला? कंदिलाची वात जरा वर कर. वीज काय, यायची तेव्हा येईल. धुकं खाली उतरलं की आपल्या गावात पहिली रुसते ती वीजच. पडद्याला बॅटरी आहे, वर तळ्यावरच्या पेटीला बॅटरी आहे, तेव्हा आपलं काम काही अडत नाही. कोकाच्या पानांचा चहा घे. कडू लागला तर साखर माग, लाजत बसू नकोस.

भोंगा कसा वाजवायचा ते तुला दाखवलं. किल्ली कुठे टांगलेली असते तेही दाखवलं, तिथे, संताच्या तसबिरीखालच्या खिळ्याला. एकच गोष्ट सांगायची राहिली. इंजिनियरसाहेबांना कळलं तर म्हणतील, नेलिदा बाई उगाच नव्या पोरीला घाबरवते. म्हणू देत. त्यांनी त्या दिवशी जे पाहिलं ते आता त्यांना आठवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या मोसमातली गोष्ट. इंजिनियर फाल्कोनी सकाळी आले ते तोंड वाकडं करूनच. म्हणाले, "नेलिदा, गुरुवारी लिमाहून मोठी माणसं येणार आहेत. त्यांना पडद्यावर ही घाण दाखवायची का?"

"कसली घाण, साहेब?"

"ही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तेलकट बोट, वर डागही पाडला.

घाण म्हणजे काय ते सांगते. वर पुयुकोचा तळ्याच्या काठी जी लोखंडी पेटी आहे, तिच्यात एक छोटासा संगणक आहे. आत लिनक्स चालतं, पण अगदी काटछाट केलेलं, गरजेपुरतं. आपण इथे बसून तारेवरून तिच्याशी बोलायचं, उंटावरून शेळ्या हाकायच्या. वर पहारेकऱ्याच्या झोपडीतही एक कीबोर्ड आहे. तो त्याच ओळीवर लिहितो आणि त्याने लिहिलेलं आपल्याला इथे दिसतं. आता गंमत अशी, की खोडायची कळ, ते बॅकस्पेस गं, ती दाबली की या टोकाकडून एक खूण जाते आणि पेटीला वाटतं खोडायची खूण दुसरीच. दोघांचं जमतच नाही. मग अक्षर खोडलं जायच्या ऐवजी पुढे टोपीसारखी एक खूण आणि एक इंग्रजी एच उमटतो. पुन्हा दाबा, पुन्हा टोपी, पुन्हा एच. एकदा लिहिलं ते लिहिलं.

दुरुस्ती म्हणशील तर एका ओळीची. पेटीला सांगायचं, बाई, आजपासून ही खूण म्हणजे खोडणं. एवढंच. पण पेटी बसवल्यापासून कोणी केलं नव्हतं. सगळ्यांना सवय झाली होती. चुकलं तर एंटर मारायचा आणि ओळ पहिल्यापासून लिहायची. मला शिकवणाऱ्या बाईने मला तसंच शिकवलं, तिला आधीच्यांनी. आणि धुक्याच्या दुपारी कोणी कळ दाबलेली नसतानाही ओळीवर टोप्या नि एच उमटायचे. एक, दोन, कधी अर्धी ओळ. तारेत ओल गेली असेल, म्हणायचो आम्ही. रोज मरे त्याला कोण रडे?

टेबलावर बोट वाजवू नकोस गं. ऐक.

तेव्हा वर पहाऱ्याला माझा धाकटा भाऊ होता, वाइल्डर. आम्ही घरी वायल्या म्हणतो. माणूस लाख चांगला, पण कामाला बगल देण्यात पटाईत. तळ्यातलं पाणी मोजायचा काटा बर्फाने धरला होता, तो लिमाहून नवा येईपर्यंत सगळी मदार पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर. त्याने दिवसातून तीनदा तळं बघायचं आणि निरोप लिहायचा, "नवं काही नाही." पण खरं काय चालतं ते तुला कळायला हवं. वर इतकी थंडी, की माणूस कांबळ्यातून हात बाहेर काढतो, निरोप लिहितो, आणि मग बूट घालून तळं बघायला जातो. गेला तर. आधी निरोप, मग तळं. सगळे पहारेकरी असंच करत आलेत. आपण खाली बसून हसायचो त्यावर. वर डोक्यावर बर्फाचा अख्खा डोंगर लोंबतोय, खाली नदीकाठी आपला बाजार, आणि मध्ये हा एक निरोप. तरी हसायचो.

तर मी बसले दुरुस्तीला. आधी वायल्याला वायरलेसवर हाका मारल्या, म्हटलं कीबोर्डला हात लावू नको म्हणून सांगावं. उत्तर नाही. त्यात नवल काही नव्हतं. तो उन्हं वर आल्याशिवाय उठायचा नाही. ओळ उघडली, पेटीने नेहमीसारखं नाव विचारलं, मी सांगितलं. दुरुस्तीची ओळ लिहिली आणि एंटर मारला.

एरवी ती पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते. त्या सकाळी तिने वेळ घेतला. म्हणजे कसं सांगू... आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातात कागद दिला की तो आधी चष्मा शोधतो, मग ओठ हलवत वाचतो, तेवढा वेळ. मग ओळ आली. मी चार अक्षरं लिहिली, खोडायची कळ दाबली. गेलं एक. पुन्हा दाबली, गेलं दुसरं. मला लहान मुलीसारखं बरं वाटलं. पेटी बंद पडून पुन्हा चालू झाली तरी विसरणार नाही, अशा जागीही ती ओळ लिहून ठेवली. फाल्कोनीसाहेब म्हणाले, "बघ, इतकं सोपं होतं. इतकी वर्षं काय करत होता तुम्ही लोक?"

"तुमची वाट बघत होतो," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

त्याच वेळी मला वास आला. ओल्या लोकरीचा. पोंचो पावसात भिजून चुलीजवळ टांगला की येतो ना, तसा, आणि त्यात तळ्याच्या गाळाचा. मी खिडकी बघितली, ती बंद होती. बाहेर ऊन होतं. म्हटलं साहेबांचं जाकीट असेल.

दुपारी धुकं आलं. खालून, नदीकडून चढत आलं आणि बाजाराची छपरं एकेक करून गिळत वर आलं. खोलीत दिवा लावावा लागला. सोराइदा काकू आमचं जेवण घेऊन आल्या, उकडलेले बटाटे, भाजलेला मका आणि मिरचीची चटणी. सोराइदा काकू तुला माहीत आहेत, पुलाजवळ पाव विकतात त्याच. पण त्या आधी कोण होत्या ते तुला कोणी सांगितलं नसेल. या खुर्चीत बसायच्या. माझ्या आधीच्या बाईच्याही आधी. मोठं पाणी आलं त्या दिवशी खुर्चीत त्याच होत्या.

मोठ्या पाण्याचं तर तू ऐकलंच असशील. वर बर्फ कोसळला, तळं भिंतीवरून उडी मारून आलं आणि नदीकाठची अख्खी आळी घेऊन गेलं. तेव्हा वर पहाऱ्याला होते एर्मोहेनेस काका. ते सापडले नाहीत. गावाने त्यांना अजून माफ केलेलं नाही. म्हातारा "नवं काही नाही" लिहून झोपला आणि माणसं मेली, असं लहान पोरंसुद्धा म्हणतात. त्यांच्या नावाचा साधा क्रूस लावू दिला नाही कोणी कबरस्तानात.

मी बटाटा सोलत होते. काकू भांडी मांडत होत्या. आणि पडद्यावर अक्षर आलं.

वायल्याचा निरोप, मला वाटलं. पण वायल्या लिहितो धडाधड, निम्मं चुकवतो. हे येत होतं सावकाश. एक अक्षर. मग थांबणं. मग दुसरं. एकाच बोटाने, शोधून शोधून लिहिणाऱ्या माणसासारखं. एकही चूक नाही. "नवं काही नाही."

"आला बाई निरोप," मी म्हटलं, आणि चहाच्या किटलीकडे वळले.

"नेली..." काकूंचा आवाज कसातरीच आला. "नेली, हे बघ."

शेवटचं अक्षर गेलं होतं. मी बघत असताना त्याच्या आधीचं गेलं. थोडं थांबून त्याच्याही आधीचं. कोणीतरी खोडत होतं. घाईघाईने नाही. ज्याला ही कळ चालते यावर अजून विश्वास बसलेला नाही, असा माणूस एकेकदा दाबून बघतो ना, तसं.

मी वायरलेस उचलला. "वायल्या, तू खोडतोयस का? वायल्या... ऐकतोयस का?"

नुसती खरखर.

काकू खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसल्या. त्यांनी शालीचं टोक तोंडात धरलं होतं. "त्या दिवशीही असाच आला होता," त्या म्हणाल्या. "सावकाश. एकेक अक्षर. मी त्याला चिडवायचे, काका, तुमच्या निरोपाला दाढी येते... आला. आणि मग त्याच्यामागे त्या खुणा. टोपी, एच. टोपी, एच. ओळ भरली. दुसरी भरली. थांबतच नव्हत्या..."

"मग?"

"मी म्हटलं, पुन्हा ती मेली कळ. आणि चहा ओतला."

मी वायरलेस खाली ठेवला.

"चहा गार व्हायच्या आत पाणी आलं, नेली. तो झोपला नव्हता. त्याने निरोप आधी लिहिला, मग तळं बघितलं, आणि परत येऊन तो खोडत होता. लोक म्हणाले झोपला होता. मी मान डोलावली. मला माझा जीव प्यारा होता, दुसरं काय सांगू?" मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. ओळीत आता एकच अक्षर उरलं होतं. "ही कळ दुरुस्त कोणी केली?"

"मी. आज सकाळी."

"मग आता त्याला खोडता येतंय," काकू म्हणाल्या.

तेही अक्षर गेलं. मला वाटलं आता थांबेल. निरोप संपला, त्याच्याआधी पेटीची स्वतःची अक्षरं असतात, ती कुठल्याही कळीने खोडता येत नाहीत. पेटी खोडूच देत नाही. हे मी तुला शिकवलंय, हो ना? ती गेली. त्याच्यावरची ओळ गेली. माझी सकाळची ओळ गेली. एकेक अक्षर, खालून वर, सगळा पडदा. शेवटी वरच्या कोपऱ्यात ती उभी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. आणि खोलीत गाळाचा वास इतका, की मला पायाखाली ओल आहे की काय असं वाटून मी जमिनीला हात लावून बघितला. कोरडी होती.

माझी तर पाचावर धारण बसली. वर माझा भाऊ होता. आईने मरताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता, याला जेवू घाल म्हणाली होती. एवढंच डोक्यात होतं, दुसरं काही नाही. मी खिळ्यावरची किल्ली काढली.

फाल्कोनीसाहेब दारात आले. "किल्ली कशाला?"

"भोंगा वाजवते, साहेब."

"का? निरोप काय आला?"

"निरोप... नवं काही नाही, असा आला. मग पुसला गेला."

"पुसला गेला. तूच सकाळी ती कळ दुरुस्त केलीस ना? मग पुसणारच. तुझा भाऊ बसलाय खेळत. नेलिदा, मागच्या वेळी लांडगा आला म्हणून गाव पळवलं, त्यात एका म्हातारीचा पाय मोडला. महापौर माझ्या उरावर बसले होते. गुरुवारी लिमाची माणसं आहेत. पडदा कोरा झाला म्हणून मी गाव पळवू?"

"वाइल्डर उत्तर देत नाही."

"तो घोरत असेल."

खरं सांगते, त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, कोरा पडदा सोडला तर. मी तशीच उभी राहिले, किल्ली मुठीत. तेव्हा काकू उठल्या. एवढीशी बाई, साहेबांच्या छातीला लागते. त्यांनी साहेबांच्या कोटाची बाही धरली आणि अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, मागे एकदा मी चहा प्यायले. आज नाही प्यायचा."

साहेबांना काही कळलं असेल असं मला वाटत नाही. पण ते बाजूला झाले.

भोंगा वाजवला. आपल्या गावात उंच जागा एकच, कबरस्तान. सगळे तिथे चढले, शिव्या देत. कोणाच्या हातात कोंबड्या, कोणाचं सूप चुलीवर राहिलेलं, न्हाव्याचं गिऱ्हाईक तर अर्ध्या दाढीवर आलं. "तुझ्या भावाला ढेकर आला का गं नेलिदा," असं कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. मी क्रूस मोजल्यासारखं करत होते आणि वायरलेसवर वायल्याला हाका मारत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. साहेब एका कबरीवर बसून नुसते बुटाकडे बघत होते. दोन-तीन बायका खाली जायलाही निघाल्या.

मग कुत्री गप्प झाली. सगळी एकदम. धुक्यामुळे दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं. आधी वाटलं ट्रक आहे. मग कळलं की इतके ट्रक आपल्या खोऱ्यात नाहीत. जमिनीची थरथर हातापायांतून गेली. खाली बाजारातली पत्र्याची छपरं फाटत होती, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. आणि मग वर आला तो वास, सकाळपासून माझ्या नाकात होता तोच, ओल्या लोकरीचा नि गाळाचा.

आवाज ओसरला. लोक रडत होते, देवाचं नाव घेत होते, पोरं मोजत होते. सगळे होते. सगळे. पण मी कशी सुखावणार? माझा तर वरच होता. अंधार पडत आला आणि लोकांना खाली काय उरलंय ते बघायचं होतं. ज्याची त्याची दुकानं, ज्याची त्याची जनावरं. तरणी पोरं कंदील घेऊन उतरायला लागली. साहेबही म्हणाले, "आता काय व्हायचं ते होऊन गेलं. जाऊ द्या त्यांना."

तेव्हा वायरलेस बोलला.

"ताई..."

"वायल्या. अरे कुठे आहेस?"

"खडकावर. झोपडीच्या वर. ताई, झोपडी गेली. पेटी गेली. सगळं गेलं..."

"तुला लागलं का?"

"नाही. थंडी वाजतेय. म्हातारा आहे सोबत."

"कोण म्हातारा?"

"तुम्हीच पाठवला ना? मी झोपलो होतो. दार वाजवलं त्याने. नखशिखान्त भिजलेला. म्हणाला, चल वर. मी म्हटलं, का? तर मनगट धरून ओढतच नेलं. हात कसला गार आहे त्याचा, ताई... अजून माझ्या मनगटाला ऊब नाही."

माझ्याभोवती लोक जमले होते. मी म्हटलं, "त्याच्याकडे वायरलेस दे."

"तो बोलत नाही आता. नुसता बसलाय. दगडावर बोट मारतोय. एकच बोट, एकाच जागी... ऐकू येतंय का तुला?"

येत होतं. टक. थोडं थांबून, टक. पुन्हा टक.

सोराइदा काकूंनी माझ्या हातातून वायरलेस घेतला. त्यांचा आवाज साफ होता. "वायल्या, बाळा, त्यांना विचार. म्हणावं, सोराइदा विचारतेय. काका, झालं का? लोकांना खाली जाऊ देऊ का?"

टक टक थांबलं. मग वायल्या अगदी हळू बोलला, जणू शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"म्हणतो... अजून खोडून झालं नाही."

वायरलेसवरचा तांबडा दिवा विझला. बॅटरी संपली. पण टक टक चालूच होतं. विझलेल्या यंत्रातून, काकूंच्या हातात. शेजारच्या दोघा-तिघांनी ऐकलं आणि ते मागे सरकले. काकूंनी ते खाली ठेवलं नाही. त्यांनी ते पोटाशी धरलं आणि उतरत्या वाटेवर आडव्या बसल्या. "कोणी खाली जायचं नाही," म्हणाल्या. "माझ्या अंगावरून जा, नाहीतर परत फिरा." पोरं परत फिरली.

दुसरं पाणी पहाटे आलं. पहिल्याच्या दुप्पट. पहिल्याने जे ठेवलं होतं, ते दुसऱ्याने नेलं, आणि ती पोरं जिथे कंदील घेऊन आपापली दुकानं चिवडत बसली असती तिथे आता नदी वाहते. तू पूल ओलांडून आलीस ना, तीच जागा.

वायल्या दुपारी उतरून आला. एकटाच. मी त्याला आधी मिठी मारली, मग एक मुस्काटात दिली, मग जेवू घातलं. आईचा शब्द. म्हातारा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, तिथेच बसलाय, मी निघालो तेव्हाही बोट चालूच होतं. मग त्याने पोंचोखालून एक जड वस्तू काढून टेबलावर ठेवली, चोरासारखी. पेटीची बॅटरी.

"ही तुझ्याकडे कशी?" फाल्कोनीसाहेबांनी विचारलं.

वायल्या मान खाली घालून म्हणाला, "आदल्या रात्री काढली होती, साहेब. माझ्या गाण्याच्या रेडिओला लावायला. सकाळी परत बसवणार होतो, पण डोळाच लागला. पळताना तेवढी हाताला आली." सगळे पहारेकरी करतात हे, तुला म्हणून सांगते. रात्री पेटी झोपते, गाणी चालतात.

साहेबांनी बॅटरी हातात घेतली. फिरवून फिरवून बघितली. "म्हणजे पेटी आदल्या रात्रीपासून मेलेली होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "नेलिदा... मग सकाळी तू दुरुस्त काय केलंस?"

मला नाव कोणी विचारलं, मी सांगितलेलं कोणी ओठ हलवत वाचलं, ते मला आजही माहीत नाही. त्या प्रश्नानंतर साहेबांनी तो विषय कधी काढला नाही. फक्त कबरस्तानात क्रूस लावायला लाकूड त्यांनी दिलं. सगळं गाव आलं होतं. एर्मोहेनेस काकांचं नाव काकूंनी स्वतः कोरलं, बिचारीच्या हातात दोनदा खिळा घुसला.

आता वर नवी झोपडी आहे, नवी पेटी आहे. खोडायची कळ मी स्वतः नीट करून ठेवली आहे, इथली आणि तिथली. तू फक्त एवढंच लक्षात ठेव. "नवं काही नाही" आलं की चहा ओतायला वळू नकोस. बसून राहा. अक्षरं जागच्या जागी राहतात का बघ. अजूनपर्यंत राहिली आहेत, देवाची कृपा. पण त्याने वायल्याला जे सांगितलं ते मागे घेतल्याचं मला काही कोणी सांगितलेलं नाही.

आणि हे बघ, मघाशी एकदा सांगितलं, ते बोट वाजवणं बंद कर. या खोलीत ते मला सहन होत नाही.

अगं...

पेला तर तू दोन्ही हातांत धरलायस. कधीपासून?

थांब, हलू नकोस. वळून पडद्याकडे बघ आणि मला सांग, संध्याकाळच्या निरोपातलं काय उरलंय. नाही, माझ्याकडे नको बघू, तिकडे बघ.

बरं. आता खिळ्यावरची किल्ली काढून मला दे. धावू नकोस, जमीन ओली झाली आहे.